मंजूर म्हणणारा माणूस

आबा, गेले काही महिने मी एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसले आहे. माणूस म्हणजे आपले आमदार, आणि तोंड मोबाईलमधलं. विधानसभेचं कामकाज आता घरबसल्या दिसतं, तुमच्या वेळी ही सोय नव्हती. अध्यक्ष वाचून दाखवल्यासारखं म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, आणि बाकांवरून एक गलका उठतो. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, की दुसरा गलका. मग ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’ म्हटलं की झाला कायदा. तेवढ्यात कॅमेरा एकदा सगळ्यांवरून फिरतो. आपले आमदार मागे वळलेले दिसतात आणि त्यांचं तोंड उघडं असतं. होय म्हणताहेत, नाही म्हणताहेत, की मागच्याला चहाचं विचारताहेत, काही केल्या कळत नाही. तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावते.

हा कायदा गायरानाचा आहे. गावांची गायरानं कंपन्यांना देणं त्याने सोपं केलं, आणि पहिल्या फेरीतच आपल्या गावाचं गायरान त्यात आलं. तुम्ही दगड वेचून जो तुकडा पिकाखाली आणला, ज्याचा सातबारा नावावर व्हावा म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आणि तो न होताच गेलात, तोच. माय अजून तिथे सोयाबीन आणि तूर घेते. तिचा तुकडा, त्याला लागून काकूचा, आणि पुढे वस्तीतल्या बाकीच्यांचे. सगळ्यांना नोटिसा आल्या तेव्हा लोक हिंगोलीला माझ्याकडे आले. तुमची पोरगी आता कोर्टात काळा कोट घालून उभी राहते, हे तुम्ही बघितलं नाही. मी म्हटलं, आधी आपल्या आमदारांनी काय केलं ते तर बघू. विधिमंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, त्यामुळे कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नोंद नाही. एखाद्या आमदाराने उभं राहून मतविभागणी मागितली असती तर एकेकाचं नाव लागलं असतं. एकानेही मागितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे आमदारांना कुठेही काहीही म्हणायची मोकळीक. पुसेगावच्या लग्नात ते म्हणाले, मी विरोध केला, हे आत्याने कानाने ऐकलं. हिंगोलीत व्यापाऱ्यांसमोर म्हणाले, आपणच तर मंजूर करून घेतला.

तेव्हापासून तुम्ही पाठ सोडत नाही. कोर्टात पट्टेवाला दारात येऊन पक्षकारांच्या नावाचा पुकारा करतो, आणि दर वेळी मला वाटतं तुम्हीच ओरडलात. हातातलं काम टाकून मी वळते. दारात तो पोरगेला पट्टेवाला असतो, तंबाखू मळत. तुम्ही गावचे कोतवाल, आणि तुमचा आवाज दवंडीने तयार झालेला. ग्रामसभेत जे ठरेल ते दुसऱ्या दिवशी हलगी वाजवून घरोघर सांगायचं, हे तुमचं काम. ठरवणारे दुसरे, सांगणारे तुम्ही. मला त्याची लहानपणी फार लाज वाटायची आणि तरी मी तुमच्या मागे मागे फिरायची.

पाण्याच्या टाकीची ग्रामसभा आठवते ना? टाकी वस्तीपाशी व्हायची ठरली होती. ऐनवेळी सरपंचांनी ती वरच्या आळीला न्यायचा ठराव वाचला आणि ‘मंजूर?’ म्हणून विचारलं. ओट्यावरून ‘मंजूर!’ अशी आरोळी आली की पारावरची कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही हलगी घेऊन निघालात. मी मागे आहे, ऊन चढतंय. पहिल्या दाराशी तुम्ही नेहमीसारखी दवंडी दिलीत, आणि मग हलगी काखेत धरून हळूच विचारलंत, “दादा, तुमी मंजूर म्हणले व्हते का?” दादा गडबडले. म्हणाले, “आमी कुठं? बाकीचे म्हणले.” तुम्ही मान डोलावून पुढच्या दाराला. तिथेही तेच. “आपुन तर गुमान बसलो व्हतो गड्या.” वस्तीत तेच, वरच्या आळीत तेच. एका म्हातारीने तर तुम्हालाच विचारलं, “काहून रे, तू म्हणला व्हतास का?” तुम्ही हसलात. मला वाटतं त्या दिवशी तुम्ही तेवढंच हसलात.

दिवस कलताना सरपंचांच्या ओसरीसमोर उभं राहून तुम्ही म्हणालात, “मालक, सारं गाव फिरून आलो. मंजूर म्हणणारा माणूस काई घावला न्हाई.” मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “तुझं काम सांगायचं हाय, इचारायचं न्हाई! तहसीलदाराला सांगून घरी बशीवतो का न्हाई बघ.” तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. येताना मी खिदळत म्हटलं, “आबा, मग मंजूर काय भुतानं म्हणलं?” तुम्ही थांबलात. मला कधी न रागावणारे तुम्ही, तेव्हा रागावलात. “हसू नको. भूत बी कुणाचं तरी आसतंय.” टाकी वरच्या आळीलाच झाली. आपल्या बाया पुढे कैक वर्षं तिकडून पाणी वाहत राहिल्या. पण त्यानंतर ग्रामसभेत ‘मंजूर?’ आलं की लोक तोंड उघडायच्या आधी एकदा तुमच्याकडे बघायचे, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून मी ठरवलं की दार आमदारांचंच वाजवायचं. याच कायद्यात पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती येणार आहे. आमदार समाजमंदिराच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला गावात आले तेव्हा मी वस्तीतल्या बायांना घेऊन पुढे बसले. काकू माझ्या शेजारी. ती म्हणाली, “तू बोल बाई, आमी मागं हाव.” भाषण संपलं तशी मी उभी राहिले. गायरानाच्या कायद्याला होय म्हणालात की नाही, ते विचारलं.

“ताई, मी गोरगरिबाच्या बाजूनं आसतो हे साऱ्या जिल्ह्याला म्हाईत हाय.”

“ते बरोबर आहे साहेब. पण त्या दिवशी काय म्हणालात?”

“आवाजी मतदान व्हतं ताई. तिथं एकट्याचा आवाज कुठं ऐकू येतोय?”

लोक हसले. मी म्हटलं, मग आता सगळ्यांसमोर शब्द द्या की दुरुस्तीच्या वेळी तुम्ही स्वतः उभं राहून मतविभागणी मागाल, म्हणजे तुमचं नाव लागेल आणि तुमच्या शेजाऱ्यांचंही. मागून बाया म्हणाल्या, “व्हय, नाव लागू द्या.” आबा, मला तेव्हा वाटलं तुम्ही त्या बायांमध्येच कुठेतरी आहात. मी खूश होते.

आमदार रागावले नाहीत. ते व्यासपीठावरून उतरून माझ्यापाशी आले, हात जोडले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, “तुमी कोतवालाची लेक ना? लई खणखणीत आवाज व्हता त्यांचा. लहानपणी ऐकलाय मी. तुमच्या मायच्या तुकड्याची काळजी करू नका, तेवढं मी बघतो.” माझ्या मायचं विचारलेलं नाही साहेब, हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी शाल आणली, कुणीतरी फोटोला बोलावलं, चहा फिरायला लागला, आणि मतविभागणीचा शब्द राहून गेला. ज्या बाईला उलटतपासणीत भलेभले टरकतात, ती मूग गिळून खाली बसली. काकूने विचारलं, “काय म्हणले गं?” मी म्हटलं, “बघतो म्हणाले.” ते खोटं नव्हतं.

तूर फुलोऱ्यावर आली असताना मोजणीवाले आले. मीही कोर्टाला सुट्टी टाकून गेले होते. चुना लावलेले दगड रोवत ते गायरानभर फिरले. काकूच्या तुकड्यात चार कोपऱ्यांना चार. तिथून आपल्या धुऱ्यापाशी, दोन तुकड्यांमधल्या बांधाशी आले, साहेबाने नकाशा उलटा-सुलटा केला, आणि सगळे वळून पलीकडच्या तुकड्यात गेले. माय म्हणाली, “आपल्याकडं आलेच न्हाईत गं. काहून?” मी वाकून चपलेतली माती झटकली. काकू धुऱ्यावर उभी होती. आमच्याकडे बघत म्हणाली, “बरं झालं बाई, तुमचं तरी ऱ्हायलं.” तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी सोसला असता. तो नव्हता. काकूची आणि बाकीच्यांची हरकत मी दाखल केली आहे, तारखा पडताहेत, मी लढते आहे. तरी ती आता माझ्याशी बोलताना मला ‘अहो वकीलबाई’ म्हणते.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, मायला तर नाहीच. तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण तुम्ही दाराशी येऊन हळूच विचारणार आणि मला बाकीच्यांवर ढकलता येणार नाही. त्या दिवशी मोजणीवाले आपल्या धुऱ्यापाशी वळले तेव्हा मला लाज वाटली, आबा. पण ती नंतर. आधी मला बरं वाटलं.