सहासष्टांच्या बाहेरचं वाचन

शरणपूर, नाशिक

आदरणीय मंगलाअक्का,

धाकट्या ज्ञानेशचा प्रभूमध्ये सलाम. गुडघा काय म्हणतोय? इगतपुरीच्या गारठ्यात कुरकुरत असेलच. (मी ठणठणीत आहे. सविता मात्र कालपासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिची तब्येत कळायला मार्ग नाही.)

आमच्या मंजूच्या साखरपुड्याला तू आली नाहीस, कारण सनीचं घर कॅथलिक आणि आपण प्रोटेस्टंट. आली असतीस तर माझी अब्रू तरी वाचली असती! सिन्नरला त्यांच्या घरी सगळं झकास चाललं होतं. मग फादरांनी बायबलातल्या कुठल्या पुस्तकातून वाचणार त्याचं नाव पुकारलं आणि माझ्यातला संडे स्कूलचा चॅम्पियन जागा झाला. बायबलातलं वचन सगळ्यांच्या आधी शोधून काढायचं, हे तूच माझ्या डोक्यात बसवलेलं. मी बोटाला थुंकी लावून सुटलो, मागोमाग आपली सगळी मंडळी सुटली, नुसती पानांची फडफड! त्यांची माणसं रिकाम्या हातांनी शांत बसलेली (ते लोक नुसतं ऐकतात, शोधत नाहीत). मी जुना करार दोनदा पालथा घातला. पुस्तकच सापडेना. शेवटी उठून ओरडलो, "फादर, थांबा! माझ्या बायबलातली पानं गळालीत!"

मागून आपले पगारे मास्तर म्हणाले, "माझ्यात बी नाय सापडत."

फादर हसले. म्हणाले, पानं शाबूत आहेत, आमच्या बायबलात तुमच्यापेक्षा सात पुस्तकं जास्त, हे त्यातलंच एक. इथे गप्प बसावं की नाही? पण मी तुझा भाऊ. "मग ते पवित्र शास्त्र नाहीच," असं बोलून बसलो. विहीणबाईंच्या हातातलं पेढ्यांचं ताट जागच्या जागी थांबलं, मंजू रडत आत गेली आणि अंगठी सनीच्या खिशातच राहिली. विहीणबाईंनी स्वतःचं बायबल माझ्या हातात आपटलं. म्हणाल्या, आधी वाचा, मग भांडा. लग्नात हेच वाचन होणार आणि तुमच्याकडच्याच माणसाने करायचं, नाहीतर लग्न नाही.

परतताना एसटीत वाचलं. अक्का, काय सांगू! त्यात एका मुलीचा बाप आहे. तिचे सात नवरे पहिल्याच रात्री गेलेले, म्हणून हा आठव्यासाठी आधीच खड्डा खणून ठेवतो, आणि जावई जिवंत निघाल्यावर शेजाऱ्यांना कळायच्या आत बुजवून टाकतो! मी इतका हसलो की कंडक्टरने तिकीट पुन्हा तपासलं. शिवाय त्यात कुत्रा आहे, त्या जावयाबरोबर निमूट प्रवास करणारा. (आपल्या बायबलातल्या सहासष्ट पुस्तकांत कुत्र्याबद्दल एक बरा शब्द नाही.) मग त्या नवराबायकोची प्रार्थना आली, आम्हाला बरोबरीने म्हातारं होऊ दे म्हणून, आणि मला मंजू आठवून रडूच फुटलं. ते शास्त्र आहे की नाही, हे आपल्या चर्चचे पाळकसाहेब ठरवोत. माझ्या पोरीच्या लग्नात ते वाचलं जावं, एवढं मला वाटतं.

तुझा,
ज्ञानेश

ता. क. आपल्याकडे तुझ्याइतकं खणखणीत वाचणारं दुसरं कोण आहे? सोबत झेरॉक्स जोडली आहे. (तुझ्या बायबलात शोधत बसू नकोस.)

आणखी ता. क. सविता का बोलत नाही, ते राहिलंच. अक्काच वाचणार, असं मी काल विहीणबाईंना परस्पर कळवून टाकलं. संध्याकाळी सनी येऊन मंजूच्या बोटात अंगठी घालून गेला. खड्डा खणून बसलोय, अक्का. तू आलीस की बुजवीन.