मैदान कोरडं आहे

मंगळवार, १ ऑगस्ट १९७२
आजपासून शाळेत सकाळची ड्रिल सुरू. पहिली ते चौथी, सगळ्यांना सक्तीची. या गावाला खेळाचं वळण लावायचंच, असं ठरवून टाकलं आहे. फेब्रुवारीत पाथर्डीला तालुक्याच्या शर्यती असतात. ढाल यंदा आपल्याकडे. पाऊस अजून नाही, सगळा गाव आभाळाकडे बघत बसलेला असतो. माझ्या दृष्टीने ही जमेची बाजू. मैदान कोरडं आहे, प्रॅक्टिसमध्ये खंड पडायचा नाही. मी स्वतः पहाटे उठून मुलांबरोबर पळणार. उद्यापासून.

बुधवार, २ ऑगस्ट
गुडघा धरला. शिवाय कोचने पळायचं नसतं, बघायचं असतं.

शनिवार, १९ ऑगस्ट
हिरा सापडला! चांगुणा, तिसरीतली. आईबाप नाहीत, झुंबरबाई नावाच्या आजीपाशी राहते. मैदानाला वळसा घालून परत येते तेव्हा बाकीची पोरं अजून निम्म्यातच असतात. हेडमास्तर म्हणाले, गावातली विहीर आटल्यापासून ती लांबच्या झऱ्यावरून पाणी आणते, त्याने पाय तयार झालेत. हेडमास्तरांना खेळातलं काही कळत नाही. हा ड्रिलचा परिणाम.

सोमवार, ११ सप्टेंबर
गणपती बसले. यंदा वाजंत्री नाही.
खेळाडूंचा डाएट फळ्यावर लिहून दिला: दूध, अंडं, केळं, भिजवलेले शेंगदाणे. मुलांनी पाटीवर उतरवून घेतला. एकाने विचारलं, हे सगळं एकाच दिवशी खायचं का. प्रश्न विचारणं हे जिज्ञासेचं लक्षण, असं सांगून त्याला शाबासकी दिली.

गुरुवार, २८ सप्टेंबर
पाऊस नाही तो नाहीच. बाजरी कणसाला न येताच वाळली.
आज झुंबरबाई मैदानावर आल्या. ड्रिल संपेपर्यंत लांब उभ्या होत्या. मग जवळ येऊन, खाली बघत म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला लई पळवू नका. पळली की तिला भूक लागती."
मी त्यांना समजावलं, की भूक लागणं हे उत्तम तब्येतीचं लक्षण आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असावं, कारण लगेच घराकडे वळल्या.

मंगळवार, १७ ऑक्टोबर
दसरा. गाड्या जुंपून निम्मा गाव ऊसतोडीला निघाला, श्रीरामपूरकडच्या कारखान्यांवर. पोरंही गेली. उरलेल्यांतली काही आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. खडी फोडण्याने हातांना व्यायाम होतो, पायांना नाही, हे पालकांना पटवून द्यायला हवं.
टीम लहान झाली. बरंच झालं. एकेकाकडे नीट लक्ष देता येईल.

सोमवार, ३० ऑक्टोबर
शाळेत शिस्त आली आहे. मधल्या सुट्टीत दंगा नाही, भांडणं नाहीत. मुलं भिंतीच्या सावलीला गपचूप बसून राहतात. डबा कोणीच उघडत नाही. घंटा झाली तरी चटकन उठत नाहीत, तेवढं सुधारायचं.
पहाटे उठण्याचा माझा निश्चय थंडीमुळे पुढे ढकलला.

सोमवार, २७ नोव्हेंबर
हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, यंदा तालुक्याच्या शर्यती होणार नाहीत असं दिसतं, ड्रिल बंद करा. माझं नाव होईल ही पोटदुखी. मी बंद करणार नाही. आता सगळा भर चांगुणावर. तिचा वेग कमी झालाय. पाय थरथरतात म्हणते. मी सांगितलं, पाय मनाने चालतात. तिने मान हलवली. फार गुणी मुलगी.

शुक्रवार, ८ डिसेंबर
आज चांगुणा कशीबशी एक फेरी पुरी करून थांबली. मी म्हटलं, आणखी एक. ती माझ्याकडे बघत राहिली, मग निघाली. पलीकडच्या वळणावर खाली बसली आणि तशीच आडवी झाली. मला वाटलं, सोंग करते. दोनदा हाक मारली. बाकीची मुलं बसल्या जागेवरून बघत होती, एकही उठलं नाही.
हेडमास्तर धावत गेले, तिला उचललं. गाडी जुंपून दवाखान्यात नेलं. झुंबरबाई बरोबर होत्या, मीही गेलो.

शनिवार, ९ डिसेंबर
डॉक्टरांनी तपासलं. रोग कसलाच नाही म्हणाले. म्हणजे माझ्या ट्रेनिंगमध्ये दोष नव्हता, हे सिद्ध झालं.
मग त्यांनी मला विचारलं, "हिला कशासाठी पळवत होता?" मी म्हणालो, तब्येतीसाठी. ते हसले नाहीत. चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. झुंबरबाईंना म्हणाले, पोरीला खायला घाला. त्यांनी हात जोडले.
येताना गाडीत उचलून बसवताना तिला हात लावला. एवढ्या पोरीला काहीच वजन नाही.

सोमवार, ११ डिसेंबर
ड्रिल घेतली. मुलं येऊन बसली. उभे राहा म्हणायचं होतं, म्हणालो नाही. त्यांच्या पिंढऱ्या आज पहिल्यांदा नीट पाहिल्या. रोज तर मीच समोर उभा असतो.

मंगळवार, १२ डिसेंबर
माझ्या घरून पीठ येतं. त्यातलं निम्मं पीठ आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून चांगुणाकडे गेलो. तिला रोज भाकरी द्यायची, फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तयार करायची, असं वाटेत ठरवत होतो. दाराला काट्याची फांदी लावलेली. शेजारच्या दगडाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, कालच गेल्या दोघी, तलावाच्या कामावर. तिथं खायाला सुकडी मिळती म्हणत्यात.
काम बरंच लांब आहे. मी विचारलं, चांगुणा चालत गेली का.
"चालती कुठं ती आता? म्हातारीनं पाठीवर घेतली."
गाठोडं दगडाबाईंपाशी ठेवलं. त्यांनी लगेच आत नेलं. शाळेत आलो तर मुलं मैदानात येऊन बसलेली. त्यांना घरी जायला सांगितलं. उठायला त्यांना बराच वेळ लागला.