आदल्या दिवशीची शाई

बाबा, मी अजूनही तेच म्हणतो, दहा-दहा रुपयांनी इलेक्शन होत नाही. समोरचा उमेदवार अख्ख्या चाळीला रंग लावून देतोय, घरटी कुकर वाटतोय, आणि तुम्ही पावतीपुस्तक काखेत मारून खोल्या पालथ्या घालताय. कुणासाठी, तर शेजारच्या चाळीतल्या रिटायर झालेल्या शाळेच्या बाईंसाठी. ना पक्ष, ना गाडी. मी हसायचो. "बाबा, एवढ्यात त्यांच्या बॅनरची सुतळीपण येणार नाही." तुम्ही चिडायचा नाहीत, तेच मला सहन व्हायचं नाही. "अरे, मी दिवसभर लिफ्ट चालवतो. साहेबांना वाटतं लिफ्टवाल्याला कान नसतात. परवा एक बिल्डर दुसऱ्याला म्हणत होता, इलेक्शनला पैसे आपण घातलेत, आता नगरसेवक सही कशी नाही करणार? म्हणून बाईंसाठी पैसे आपण घालायचे, सगळ्यांनी मिळून. मग सही करायच्या आधी बाई आपल्याला विचारतील."

मला ते पटत नव्हतं असं नाही. पण एकोणीस वर्षांचा होतो, नववीत शाळा सोडलेली, एका जागी बूड टिकत नव्हतं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मागच्या जिन्यात एक जण शाईची बाटली घेऊन उभा होता. म्हणाला, "कुणाला मत दे, ते सांगत नाही रे. फक्त उद्या जायचं नाही. बोट दे." पाचशेची नोट! मला वाटलं, आयला, काहीच न करण्याचे पैसे. बोटाला गार लागलं, एवढंच.

सकाळी मी नाक्यावर चहा पिऊन परत येतो, तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात. तुमची नजर बोटावर जाते. "माझ्या आधी जावन इलंस? शाबास, झिला!" खूश झालात की तुमच्या तोंडात गावची भाषा यायची. मग खाली बसून तुम्ही आपल्या खोलीची पावती माझ्या नावाने फाडलीत आणि दहा रुपये स्वतःच्या खिशातून भरलेत. मी हात पँटच्या खिशात घालून उभा.

बाई थोडक्यात पडल्या. तुम्ही पावत्या मांडीवर घेऊन बसलात. "एवढ्या खोल्यांनी पैसे दिले, मग मतं गेली कुठे?" संशय समोरच्या खोलीतल्या काकांवर, कारण कुकर पहिला त्यांनी घेतला होता. ज्यांच्याबरोबर रोज एक पेपर दोघांत वाचायचात, त्यांच्याशी बोलणं बंद. मी रोज तुमच्याच शेजारी बसून जेवत होतो. वर्षभरात तुम्ही गेलात, त्यांच्याशी न बोलताच. खांदा काकांनीच दिला.

आता मी राजस्थानात सोलरच्या प्लेटा बसवतो. मतदान पुढच्या आठवड्यात आहे. इथून मत देता येत नाही, बोट इथे आणि नाव तिथल्या यादीत. सुट्टी मागितली, तर मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. मी थांबलो. हेही तुम्हाला आवडलं नसतं. काल आपल्या छोटीचा घरून फोन आला. "दादा, बाई परत उभ्या आहेत. पावतीपुस्तक आता माझ्याकडे आहे. आपल्या खोलीचे दहा लिहू ना?" तिच्या आवाजात तुमचाच हट्ट होता. हसायला येईल असं वाटलं होतं, नाही आलं.

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही तर नाहीच, तेव्हा हे वहीतच राहणार. काकांनी बाईंना मत दिलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी दिलं नव्हतं, हे मात्र माहीत होतं, आणि तुम्हाला त्यांच्याशी भांडू दिलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. छोटीला म्हटलं, थोडे जास्त लिही, का ते विचारू नकोस. बोटाचे पाचशे आणि खोलीचे दहा, या वेळी माझ्या खिशातले. पाठवतोय पाचशे दहा.