बरं वाटतंय आणि बरं होतंय

लाकूड सुताराकडे उरलेले होते, त्यामुळे बाकडे जवळजवळ फुकटातच झाले. त्याची खरी किंमत नंतर लागली: कारखान्यातली कायमची नोकरी, बायकोचे चार महिने आणि मुलीचे बोलणे. त्या बाकड्यासकट माझ्यामागे जे उरेल त्याची व्यवस्था मी, वय एकाहत्तर, धंदा दुखणेकऱ्यांच्या अंगावर हात ठेवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात माणूसच नाही.

एक. लोखंडी गज खालच्या इस्त्रीवाल्याला. शटर वर धरायला कामी येईल. कारखान्यात मी फिटर होतो. गजाचे एक टोक यंत्राला, दुसरे कानाला लावले की कुठले बेअरिंग चार दिवसांत दगा देणार ते सांगत असे. एकदा भट्टीवाल्याच्या आखडलेल्या खांद्यावर सहज हात ठेवला, म्हणालो, "बोल, काय झालं?" तो पाऊण तास बोलला आणि हात वर करून दाखवत घरी गेला. पुढे नोकरी सोडून घरात बाकडे मांडले. तेव्हापासून नाव हाताचे झाले, काम कानाने केले. श्वास अडखळला की माणूस खरे बोलायच्या बेतात असतो. तिथे हात न हलवता थांबायचे, एवढीच माझी विद्या. कान अजून तसाच तिखट आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाऊल पडले की कोण आले ते सांगतो, आजवर चुकलो नाही. हल्ली मात्र कुणी चढत नाही. रस्ताही सामसूम झाला आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडली, काटे तेवढे बरोबर चालतात. ज्याला हवे त्याने दुरुस्त करून न्यावे.

दोन. समोरच्या गल्लीत चुंबक लावून उपचार करणाऱ्या चुंबकवाल्यास माझा आरसा. हा गृहस्थ रोग्यांना बरे करण्याचा हेतू फोनवरून पाठवतो, एका वेळी चाळीस जणांना. पाठवण्याआधी त्याने आरशात एकदा स्वतःकडे बघावे. हेतू म्हणजे जाहिरातीचा कागद नव्हे, वाटत सुटायला.

तीन. माझी रीत लिहून ठेवतो, कारण तीही मालमत्ताच. हात ठेवण्याआधी मनात म्हणायचे, "याला बरं वाटो." "बरं होवो" कधीही म्हणायचे नाही, ते आपल्या अखत्यारीतले नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर चिडवायचे, "तुमचा हेतू चांगलाच हो, पण तो दिवसातून किती वेळा घ्यायचा?" मी म्हणायचो, "तुमच्या गोळीला तरी हेतू कुठे असतो?" दोघांचेही बरोबर होते. (हल्ली ते इतके पुटपुटतात की शेवटी चिठ्ठीवर लिहून दाखवतात. वय झाले त्यांचे.) गाठ दिसली, वजन उतरले, ताप हटेना, की मी माणूस त्यांच्याकडे धाडत असे. प्रत्येकाला धाडले. बायको सोडून.

चार. हे कलम मुलीसाठी.

तुझ्या आईची पाठ दुखू लागली तेव्हा मी रोज संध्याकाळी तिला बाकड्यावर निजवून हात ठेवत होतो. ती म्हणायची, "बरं वाटतंय." मी ऐकायचो, बरं होतंय. यंत्राच्या पोटातली कुरकुर ऐकणाऱ्याला घरातला एक शब्द धड ऐकता आला नाही. डॉक्टरांकडे नेले तोवर चार महिने गेले होते, आणि ते फक्त म्हणाले, "तुम्ही सुद्धा?"

ती गेल्यावर तू दारात उभी राहून विचारलेस, "बाबा, आईच्या पाठीवर हात ठेवताना तुमच्या मनात काय असायचं? खरं सांगा."

मी म्हणालो, "तिचं भलं. दुसरं काय असणार?"

"खरं सांगा म्हटलं होतं," म्हणालीस आणि बॅग उचललीस.

खरे ते हे. मनात तिचे दुखणे नसायचे. ही गेली तर माझे कसे होईल, एवढेच असायचे. तिला ते हातातून कळत होते, म्हणूनच ती "बरं वाटतंय" म्हणायची. मला बरे वाटावे म्हणून. बाकड्यावर ती होती, उपचार माझ्यावर चालले होते. तिचा हेतू माझ्यापेक्षा चोख होता.

दोन्ही खोल्या, बँकेतील शिल्लक आणि आईच्या बांगड्या मुलीला. बाकडे तिने ठेवावे किंवा फोडावे, पण दुसऱ्या कुणाला त्यावर निजवू नये. सहा वर्षांत ती एकदाही आली नाही. आली असती तर तिसऱ्या पायरीवरच मला कळले असते. त्याबद्दल तक्रार नाही आणि त्यापायी वाटणीत काही कमी केलेले नाही. कपबशा मात्र मी अजून दोनच्या दोन विसळतो, हे तिला सांगितले नाही तरी चालेल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि खाली सही केली.

ठिकाण: राहती खोली, पहिला मजला. दिनांक ११ मार्च.

साक्षीदार पहिला, इस्त्रीवाला, तळमजला: सही माझ्यासमोर झाली. कलम चार वाचलं म्हणून लिहितो. ताई या वर्षात दोनदा आल्या होत्या. दार वाजवलं, "बाबा, बाबा" करून हाका मारल्या, अर्धा तास जिन्यात बसून गेल्या. मला वाटलं, काकांनाच भेटायचं नसेल, म्हणून बोललो नाही.

साक्षीदार दुसरा, डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना: मी यांना आज तपासले. बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.