शेवटच्या बाकावरचा माणिक

गुलबर्गा, ता. ४ ऑगस्ट १९३८

ती. सौ. अक्कास,

माणिक कॉलेज सोडून तुझ्याकडे मुडबीला आल्यापासून तुला लिहिलं नाही, माफ कर. वर्गातलं बोलणं आणि शिस्त यांचे गुण माझ्या हातात होते. तो वर्षभर उत्तराला उठला नाही. मामानं भाच्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी शून्य दिलं. त्यात त्याचा वजिफा गेला, शिष्यवृत्ती बंद झाली.

निघताना म्हणाला, "मामा, एकदा इचारायचं व्हतं की. उत्तर द्यायला उभं ऱ्हावं लागतंय. शेरवानी मागून फाटलेली व्हती."

ती मीच दिलेली, माझी जुनी. देताना उलगडूनही पाहिली नव्हती.

तुझा,
गुंडेराव

उद्या: हे पत्र न टाकता स्वतः मुडबीला जाणे.