मशीन म्हणालं, ताई आलीच नाही

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही नाही.

एकोणीस दिवस मी तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात बसून पुस्तकं शिवली आणि तुझ्या कागदावर मी गैरहजर. का, तर फाटकावर तू अंगठ्याचं मशीन बसवलंस आणि त्याला माझा अंगठा दिसत नाही. दिसणार कसा? सव्वीस वर्षं कागदाच्या घड्या घालून आणि खळीत बोटं बुडवून त्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. तिसऱ्या टेबलावर मी बसलेली तू रोज बघत होतास. तरी साठ बायकांसमोर म्हणालास, ताई, मशीन खोटं बोलत नाही. म्हणजे खोटं कोण बोलतं, एवढंच सांगायचं राहिलं.

वर नऊच्या ठोक्याला फाटक बंद. यांना अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली, दुपारी भरवायला मीच लागते हे तुला माहीत आहे. दुपारची शिलाई घरी नेते म्हटलं, तर म्हणालास, कारखाना घरातून चालत नसतो. बरं. चालवून दाखवते, आणि तोही तुझ्या नाकावर टिच्चून.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मग म्हणतोस, मी असं बोललोच नव्हतो. काय ते लिही. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं.

तुझ्या बायकोला आणि लेकीला आशीर्वाद. तुझ्यावरच्या लोभाचं मागाहून कळवीन.

ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा राग समजतो, पण एवढा कारखाना रागालोभावर चालवता येत नाही. मशीन सगळ्यांना सारखं. तुला सवलत दिली तर उद्या साठजणी साठ कारणं सांगतील. तुला अंगठ्याऐवजी कार्ड देतो, म्हणजे तो विषय मिटला. वेळ मात्र नऊ ते सहाच. भाऊजींसाठी एखादी बाई ठेव.

तुझ्यामागून अकराजणी गेल्या. तूच त्यांना फूस लावलीस असं मुकादम म्हणतो. शिवाय कानावर आलं की तू फोनवरून बाइंडिंगचं काम सुरू केलंयस. खरं सांगतो, हसू आलं. मागच्या वर्षीपर्यंत साधा फोटो पाठवायचा तर माझ्याकडे यायचीस. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांचे प्रकाशक बाबांच्या वेळेपासून आपल्याकडे आहेत, त्यांच्यावर डोळा ठेवू नकोस. तोंडावर आपटशील, आणि मला ते बघवणार नाही.

घरी सगळं ठीक. हिचं डोकं मात्र दुपारभर फोनमध्ये असतं. तिला तू तरी चार शब्द सुनाव. भाऊजींना नमस्कार. माझा लोभ आहेच, तुझा आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. २० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हसलास ते बरं केलंस. आता खाली बसून वाच.

काल प्रकाशक माझ्या घरी येऊन गेले. पुढच्या वर्षीची गणिताची सगळी पुस्तकं त्यांनी मला दिली. मी मागायला गेले नव्हते, ते स्वतः तीन जिने चढून आले. कसं झालं ते सांगते, म्हणजे रात्री तळमळताना अडणार नाही.

माझ्याकडे एकतीसजणी आहेत. फाटक नाही, मुकादम नाही. मला लिहायचा कंटाळा, म्हणून सकाळी फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये बोलून सांगते की आज इतके गठ्ठे आहेत. जिला जेवढं झेपेल तेवढं ती उचलते, टेम्पोवाला दारात टाकून जातो. एक पहाटेच बसते आणि पोरं उठायच्या आत दोन गठ्ठे शिवून मोकळी होते. दुसरी मुलं शाळेत गेल्यावर. पाय अधू झालेली तुझी जुनी घडीवाली, जिला जिना चढवेना म्हणून तू घरी बसवलीस, ती खाटेवर बसून सगळ्यांत जास्त घड्या घालते. पाय नको असतो रे घडीला.

प्रत्येक गठ्ठ्यातलं पहिलं पुस्तक क्रमाने लावलं की शिवायच्या आधी त्याच्या पानांचे फोटो टाकायचे, असा माझा नियम आहे. चूक मला तिथेच दिसते. तुला ती तीन हजार पुस्तकं शिवून झाल्यावर दिसते. या वेळच्या तुझ्या पुस्तकात भागाकार दोनदा आला आणि अपूर्णांक गायब. प्रकाशकांनी पिशवीतून काढून दाखवलं, तेव्हा मी तोंडावर पदर धरला.

कुठला गठ्ठा कुणाकडे, किती झाला, ते सगळं फोनवरच्या एका तक्त्यात असतं. प्रकाशकांनाही तो घरबसल्या बघता येईल. ते म्हणाले, तुमच्या भावाला विचारलं की उत्तर एकच, उद्या होईल.

आता तो तक्ता कोण ठेवतं, तेही ऐक. तुझी बायको. शिकलेली बाई, तुझ्याकडे काम मागत होती, तेव्हा म्हणालास, मुलगी लहान आहे, नऊ ते सहा कशी बसणार. माझ्याकडे ती दुपारचे तीन तास बसते आणि तुझ्या मुकादमाला दिवसभरात जमत नाही ते उरकते. चार शब्द सुनावायला सांगितले होतेस ना, सुनावले. तू नसतीस तर मला हे जमलं नसतं, असं म्हटलं.

लोभ तूर्त तिच्यावर आहे.

ताई

दि. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीनदा लिहून फाडलं. हिला विचारलं, तर म्हणाली, तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

पस्तीस खुर्च्या रिकाम्या आहेत. कटिंगचं नवं मशीन झाकून ठेवलंय. ताई, तू सूड घेतलास. पण कारखाना बाबांचा आहे, तो बंद पडला तर तुझंही काही जाईलच. परत ये. तुला मुकादमाच्या वर बसवतो. वेळ तू म्हणशील ती, फक्त तुझ्यापुरती. अजून काय हवं ते लिही. माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हो, सूडच घेतला. त्याला गोड नाव मी देणार नाही. आणि अजून पुरता घेऊन झालेला नाही.

तुझ्यापुरती म्हणालास, तिथेच फिसकटलं. मी एकटी येऊन मुकादमाच्या डोक्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी नऊला धापा टाकत फाटकाशी उभं राहायचं. येणार नाही.

माझी एक अडचण आहे, ती लपवत नाही. पुस्तकं घरात शिवता येतात, त्यांच्या कडा घरात कापता येत नाहीत. त्याला तू झाकून ठेवलंयस तसं मशीन लागतं. सध्या मी त्या मागच्या गल्लीतल्या कटिंगवाल्याकडे कापून घेते, ज्याच्याकडे बघून तू रस्ता बदलतोस. पुढच्या वर्षीचं सगळं काम त्याला द्यायचं की तुला, ते तूच ठरव.

तुला हवं असेल तर असं. काम माझ्या नावावर, तू माझा कापणारा. कारखाना सकाळी सहा ते रात्री नऊ उघडा ठेवायचा. जी तिथे येईल ती आपली वेळ आदल्या दिवशी फोनवर टाकील, जी घरी करील ती घरी करील, आणि तू मोजायचंस ते झालेलं काम. ती कधी आली ते नाही. माझे एकोणीस दिवस तुझ्या हाताने हजर लिहायचे आणि सगळ्या बायकांसमोर वाचायचे. मुकादमाने वाचलेले चालणार नाहीत. तुझी मान खाली गेलेली मला बघायची आहे, उगाच मोठेपणा कशाला आणू. तुझी बायको तक्ता माझाच ठेवील, त्यात तू बोट घालायचं नाहीस.

त्या कटिंगवाल्याने वर्षभराचा कागद करून पाठवलाय. तो माझ्यासमोर पडलाय, सही तेवढी बाकी आहे. बाबांच्या नावासाठी म्हणून मी ती चार दिवस अडवून ठेवते, तुझ्यासाठी नाही. लोभाचं आत्ता विचारू नकोस. बुधवारी दिवेलागणीच्या आत हो किंवा नाही, तुझ्या हाताने लिहून पाठव. गुरुवारी सकाळी मी सही करते.

ताई