मी सही केली नाही

प्रिय बडबडे,

तीन आठवडे तुझा आवाज ऐकला नाही. मी बरी आहे. हात शाबूत आहे, कोपरात पूर्ण वाकतो, आणि सोमवारपासून मी लॉन्ड्रीत कामावर येणार आहे. सुपरवायझरला आवडो न आवडो.

सुरुवात तुझ्यासमोरच झाली. हॉस्पिटलच्या चादरी उपसताना माझं कोपर खरचटलं, त्याचं गळू झालं. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी सूज खांद्याकडे सरकत गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गळू फोडून पू तपासायला पाठवला. रिपोर्ट बघून म्हणाल्या, हे जंतू नेहमीच्या औषधांना भीक घालत नाहीत. नवं औषध आहे, पण ऊठसूट वापरलं तर जंतू त्यालाही सरावतील, म्हणून रिपोर्ट आल्याशिवाय देत नाही. सलाईनमधून एकदा दिलं, आठवड्याने पुन्हा एकदा. पहिल्या सलाईननंतर चौथ्या दिवशी ताप उतरला. मी स्वतःच्या हाताने वेणी घातली आणि खुशाल रडून घेतलं.

त्याच दुपारी सुपरवायझर फळं आणि एक कागद घेऊन आला. लॉन्ड्रीत कुणाच्याही अंगावर जखम नाही, हिचा आजार हिच्या घरचा, असं त्यात लिहिलं होतं. बाकीच्यांनी सह्या केल्यात, म्हणाला. पहिली सही तुझी होती. मी फळं ठेवून घेतली आणि कागद परत दिला. म्हटलं, आधी आम्हाला धड हातमोजे द्या, मग आमच्या घरांबद्दल बोला.

हे मी भांडायला लिहीत नाहीये. तुझी लेक आत्ता माझ्यासमोर बसली आहे. आईच्या मांडीवर महिनाभर तसंच गळू आहे, तिला बसवत नाही, कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या खाते आणि काम जाईल म्हणून गप्प राहते, एवढं सांगून रडली. तिला रागावू नकोस. तिच्याच हाती हे पत्र देते आहे. उद्या सकाळी नऊला डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय, तुला न विचारता. तुझाही पू तपासू दे. साध्या औषधाने भागेल, नाहीतर माझं औषध आहेच. मग दोघी मिळून सुपरवायझरकडे जाऊ आणि तू तुझी सही खोडशील. काढायचं तर दोघींना एकदम काढू दे. एवढ्या चादरी तो काय एकटा धुणार आहे? साडेआठला तुझ्या दारात येते. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून गाईन, आणि माझा गळा कसा आहे ते तुला ठाऊक आहे.

तुझीच,
तिसऱ्या मशीनवाली